आजीचा रेडिओ आणि दोनदा जळलेला ट्रान्सफॉर्मर

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र पक्का आहे, कारण तो मला एका महिन्याच्या मेस-बिलाला पडला.

दिवाळीत आजीने आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ लावला आणि मागून धूर आला. जळक्या वार्निशचा वास, म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मर गेला. आजी एवढंच म्हणाली, "भंगारात नको हं देऊस." मी चॅसिस काढून हॉस्टेलवर आणली. (रेक्टर मॅडम, पुढचं सगळं काम लॅबमध्ये केलं!)

या ट्रान्सफॉर्मरला दोन कामं असतात. 6.3 व्होल्टचं वाइंडिंग व्हॉल्व्हचे हीटर तापवतं. 250-0-250 चं वाइंडिंग ईझेड80 या रेक्टिफायरला जातं, तिथून अडीचशेच्या आसपास डीसी मिळतं. नवं वाइंडिंग करून घ्यायचं तर किती अँपिअर ते सांगावं लागतं. डेटाशीट काढून हीटरची बेरीज केली : ईसीएच81 आणि ईबीएफ89 प्रत्येकी 0.3, ईबीसी81 0.23, ईएल84 0.76, ईझेड80 0.6. झाले 2.19. डायलचे दिवे धरून 3 अँपिअर सांगितले, एचटीला 80 मिलिअँपिअर. बाजारातल्या वाइंडरकाकांनी त्याच कोअरवर रिवाइंड करून दिलं.

बसवलं. दहा मिनिटं झकास आवाज, आणि पुन्हा तोच वास!

चूक माझीच. जुना का जळला हे मी शोधलंच नव्हतं. म्हातारा झाला असेल, असं धरून चालले. खरा गुन्हेगार रेक्टिफायरनंतरचा पहिला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. मल्टिमीटरवर तो मी तपासला होता आणि ठीक दाखवत होता. पण मीटर देतो दोन-तीन व्होल्ट, आणि तिथे येतात अडीचशे! तेवढ्या व्होल्टेजला, त्यातून गरम झाल्यावर, तो लीक करायचा. तो जादा करंट येणार ट्रान्सफॉर्मरच्या तारेतूनच. फ्यूज का उडाला नाही? कारण फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार गुंडाळली होती. बहुतेक आजोबांनीच.

काकांकडे परत गेले तेव्हा ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

यावेळी मेनमध्ये 60 वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घातला (एलईडी चालत नाही, फिलामेंटच हवा). आधी सेकंडरीच्या सगळ्या तारा मोकळ्या ठेवल्या. बल्ब जेमतेम लाल, म्हणजे ट्रान्सफॉर्मर चांगला. भक्क पेटला असता तर आतच शॉर्ट. मग रेक्टिफायर काढून नुसते हीटर, शेवटी ईझेड80. कपॅसिटर नवा, 47 मायक्रोफॅरड 450 व्होल्टचा. हम कमी होईल म्हणून 100 चा लावू नका, ईझेड80 ची मर्यादा 50 आहे. ईएल84 च्या ग्रिडवरचा कपलिंग कपॅसिटरही बदलला. तो लीक झाला की ईएल84 भरमसाट करंट खातो. सेंटर टॅप आणि चॅसिसमध्ये 200 मिलिअँपिअरचा फ्यूज टाकला. आणि हो, प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. रेझिस्टरने डिस्चार्ज करून, मीटरने खात्री करून मगच हात घाला. मला एक झटका बसलाय, घरी सांगितलेला नाही.

रेडिओ घरी नेला. शॉर्टवेव्हवर काटा फिरवला तर पहिलंच स्टेशन चिनी लागलं. मी बदलायला गेले तर आजी म्हणाली, "राहू दे गं. आवाज त्याचाच आहे."