दुपारचा आजार, रात्रीचा डॉक्टर

यवतमाळ जिल्ह्यातले घरगुती संगणक रुसायचे ते बहुधा मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास. बाहेर पारा 44-45 अंशांवर, रस्ते ओस, घरात कूलरची घरघर. पुसद, दारव्हा किंवा घाटंजीच्या एखाद्या घरात कुणीतरी फाइलीवर क्लिक करून पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसलेलं असतं. मग फोन जातो पुण्याला, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पुतण्याला. "कॉम्प्युटर चालूनच नाही राहिला रे बाप्पा. एक फाइल उघडाले दहा मिनिटं लागून राहिले." पुतण्या मीटिंगमध्ये. "काका, रात्री बघतो." रात्री साडेदहाला तो पुण्यात बसून काकांच्या संगणकात शिरतो, माउस फिरवतो, चार खिडक्या उघडतो, मिटतो. सगळं सुरळीत. "काका, यात तर काहीच नाही!" दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच रडगाणं.

काकांची तक्रार खरी असते आणि पुतण्याची तपासणीही खरी असते. घोळ नेमका कुठे होतो ते कळायला आधी संगणक मंद होतो म्हणजे काय होतं, ते पाहावं लागेल.

संगणकाचा कुठला तरी एक भाग दुसऱ्या कुठल्या तरी भागाची वाट बघत थांबला, की आपण म्हणतो संगणक स्लो झाला. कोण कुणासाठी थांबलंय, एवढंच शोधायचं असतं. त्याची सोय विंडोजमध्येच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. डेव्ह प्लमर या अभियंत्याने लिहिलेला हा छोटासा प्रोग्रॅम 1996 च्या विंडोज एनटी 4.0 मध्ये आला आणि आजही दूरवरून मदत करणारा माणूस सर्वांत आधी तोच उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क या चौघांवर किती भार आहे ते टक्क्यांत दिसतं. ज्याचा आकडा शंभराला टेकलाय त्याच्यावर पहिला संशय.

जुन्या संगणकात हा संशयित बहुतेक वेळा डिस्क असते. तिथे एक चमत्कारिक दृश्य दिसतं. डिस्क 100 टक्के कामात, पण माहिती वाचण्याचा वेग मात्र सेकंदाला एक मेगाबाइटही नाही. हीच डिस्क सिनेमाची एखादी मोठी फाइल सलग वाचायला दिली तर सेकंदाला शंभरेक मेगाबाइट सहज वाचते. मग आताच तिला काय झालं? जुनी हार्ड डिस्क म्हणजे फिरती चकती आणि तिच्यावर सरकणारी सुई. लॅपटॉपमधली चकती बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि त्याआधी सुईला योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहाएक मिलिसेकंद. एका वाचनाला झाले सुमारे 15 मिलिसेकंद. सेकंदाला जेमतेम 60-70 वाचनं. विंडोज सुरू होताना लागणारे हजारो बारीकसारीक तुकडे चकतीवर जिथे तिथे विखुरलेले असतात, त्यामुळे सगळा वेळ सुईच्या पळापळीत जातो. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये चकतीही नाही आणि सुईही नाही. तिथे तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर उरकतं.

दुसरा संशयित मेमरी, म्हणजे रॅम. चार जीबी रॅमच्या संगणकावर ब्राउझरची वीस पानं, वर्ड आणि अँटिव्हायरस एकदम उघडले की जागा संपते. तरी संगणक बंद पडत नाही, कारण रॅममध्ये न मावणारा मजकूर तो तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. इंग्लंडात मँचेस्टरला 1962 साली सुरू झालेल्या ॲटलस संगणकापासून ही युक्ती चालत आली आहे. अडचण वेगाची. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, डिस्कवरून 15 मिलिसेकंद. म्हणजे दीड लाख पट. रॅमचं काम एका सेकंदात झालं असं धरलं, तर डिस्ककडे पावणेदोन दिवस थांबावं लागेल. ही ने-आण वाढत गेली की एक वेळ अशी येते, जेव्हा संगणक खऱ्या कामापेक्षा ने-आणीतच गुंतून पडतो. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी तिची कारणं आणि तिच्यावरचा उपाय मांडणारा निबंध डिसेंबर 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संगणक परिषदेत सादर केला.

योगायोग असा, की त्याच परिषदेत 9 डिसेंबरला डग्लस एंगेलबार्ट यांनी जगाला पहिल्यांदा माउस दाखवला. त्यांनी आणखीही एक गोष्ट दाखवली, तिची आठवण कमी निघते. सुमारे 50 किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमध्ये बसलेला त्यांचा सहकारी आणि व्यासपीठावरचे एंगेलबार्ट हे दोघे एकाच पडद्यावरचा मजकूर एकाच वेळी बघत, बोलत काम करत होते. काकांचा आजार आणि पुतण्याचा इलाज, दोन्ही एकाच परिषदेत!

हा इलाज घरोघरी पोचायला मात्र तीस वर्षं लागली. अडसर होता चित्राच्या आकाराचा. आजच्या साध्या पडद्यावर 1920 गुणिले 1080 म्हणजे वीस लाखांवर ठिपके असतात. प्रत्येकाच्या रंगाला तीन बाइट धरले तर एका चित्राचे झाले सहा मेगाबाइट. सेकंदाला अशी तीस चित्रं जशीच्या तशी पाठवायची तर दीड गिगाबिटची जोडणी लागेल. उमरखेडच्या मोबाइल हॉटस्पॉटवर ते कसं व्हावं? 1998 मध्ये केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेतून बाहेर आलेल्या व्हीएनसी या प्रणालीने साधा मार्ग काढला. सगळा पडदा पाठवायचाच नाही, आधीच्या क्षणापेक्षा जेवढा चौकोन बदलला तेवढाच पाठवायचा. वर्डमध्ये एक अक्षर उमटलं तर बदलतो तो नखाएवढा तुकडा. 2005 मधली टीमव्ह्यूअर आणि 2014 मधली एनीडेस्क या जर्मन कंपन्यांच्या प्रणालींनी चित्र दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवण्याच्या तंत्रात पुढे बरीच मजल मारली, पण मूळ कल्पना तीच. पुण्याहून येतात फक्त माउसच्या हालचाली आणि दाबलेल्या कळा, म्हणजे नगण्य मजकूर. खरा भार यवतमाळकडून पुण्याकडे जाणाऱ्या वाटेवर, म्हणजे अपलोडवर पडतो. म्हणून "माझ्याकडे तर यूट्यूब झकास चालते" हा काकांचा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. यूट्यूब डाउनलोडवर चालतं.

अंतराची काळजी मात्र नको. यवतमाळ ते पुणे सरळ रेषेत सुमारे 500 किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद. प्रत्यक्षात संदेश वळसे घेत, टॉवर आणि सर्व्हर ओलांडत जातो म्हणून त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, पण बोलणं आणि माउस यांचा मेळ बिघडण्याइतका नाही.

एक गोष्ट मात्र पुण्यातल्या भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. पडद्याचं चित्र सतत दाबून पाठवण्याचं काम काकांच्याच थकल्या प्रोसेसरला करावं लागतं. आधीच रॅम भरलेल्या संगणकात मदतीचा प्रोग्रॅम शिरला की तो आणखी मंद होतो, आणि तपासणारा त्याच मंदपणाची कारणं शोधत बसतो.

आता दुपारकडे येऊ. प्रोसेसरला ठरावीक तापमानापलीकडे जाऊ द्यायचं नाही, अशी व्यवस्था त्याच्यातच असते. ही मर्यादा बऱ्याच प्रोसेसरांत 100 अंशांच्या आसपास असते. ती गाठली की प्रोसेसर स्वतःच आपला वेग आणि विजेचा दाब उतरवतो. 2001 साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू संगणकांच्या प्रोसेसरांवरचे उष्णताशोषक (हीट सिंक) उचकटून काढायचा आचरट प्रयोग केला होता. इंटेलचा पेंटियम 4 रांगायला लागला, पण चालत राहिला. एएमडीचा ॲथलॉन मात्र धूर काढून जळाला. आज सगळेच प्रोसेसर पेंटियमसारखं वागतात. संगणक दुपारी मंद होतो, तेव्हा तो स्वतःचा जीव वाचवत असतो.

आणि यवतमाळचं ऊन इथे थेट हिशेबात येतं. गरम वस्तूतून किती उष्णता बाहेर जाईल, ते तिच्या आणि भोवतालच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. डिसेंबरच्या सकाळी खोली 20 अंशांवर असेल तर प्रोसेसरच्या मर्यादेपर्यंत 80 अंशांचं अंतर मिळतं. मेच्या दुपारी खोली 40 अंशांवर, अंतर उरलं 60. तोच पंखा, तोच उष्णताशोषक, पण उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाव हिश्श्याने घटली. त्यात वणीकडची कोळशाची धूळ, काळ्या मातीचा फुफाटा, जिनिंगच्या हंगामात उडणारे रुईचे तंतू हे सगळं उष्णताशोषकाच्या पात्यांमध्ये जाऊन बसलं की हवेचा मार्गच बंद. कूलरसमोर संगणक ठेवणं तर अगदीच वाईट, कारण ओल्या हवेत ही धूळ चिकटून थर धरते.

रात्री साडेदहाला यातलं काहीच दिसत नाही. खोली निवलेली, प्रोसेसर पूर्ण वेगात. शिवाय पुतण्याला चार आकडे दिसतात, पण पंख्याचा आवाज ऐकू येत नाही, लॅपटॉपच्या खालचा चटका लागत नाही. लॅपटॉप गादीवर ठेवल्याने त्याची हवा अडलीय, हे काकांच्या शेजारी बसलेल्या पोरालाही कळलं असतं.

म्हणून माझा आग्रह असा, की दूरच्या मदतीची सुरुवात जोडणीने न करता फोटोने करावी. दुपारी संगणक अडला, की जड काम चालू असतानाच टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवा. तसाच दुसरा फोटो सकाळी सातला, तेच काम करताना. त्या पानावर प्रोसेसरचा 'बेस स्पीड' आणि चालू वेग असे दोन आकडे असतात. प्रोसेसर कामाने भरलेला असूनही चालू वेग बेस स्पीडच्या बराच खाली असेल, उदाहरणार्थ 2.4 गिगाहर्ट्झऐवजी 0.8, आणि सकाळी तो ठीक असेल, तर दोष उन्हाचा आणि धुळीचा. सकाळीही तितकाच खाली असेल तर चार्जर बघा. बाजारातला दुसराच चार्जर ओळखता आला नाही की काही कंपन्यांचे लॅपटॉप सावधगिरी म्हणून कायमच हळू चालतात.

त्याच पानावर 'अप टाइम' असतो. रोज रात्री संगणक बंद करणाऱ्या घरातही तो वीस-पंचवीस दिवसांचा दिसतो आणि माणसं चक्रावतात. विंडोज 8 पासून 'शट डाउन' करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणजे जुना गुंता तसाच. खरी नवी सुरुवात 'रिस्टार्ट'ने होते. आठवड्यातून एकदा तेवढं करावं.

साफसफाईच्या नावाने मिळणारे फुकट प्रोग्रॅम टाकूच नयेत, ते स्वतःच रॅम अडवून बसतात. धूळ काढायची तर वीज पूर्ण तोडून, पंखा बोटाने अडवून, मऊ ब्रशने. वाट डिस्कपाशी अडत असेल तर एसएसडी बसवण्याइतका परिणामकारक खर्च दुसरा नाही. ती बसवून, रॅम आठ जीबी केली की दहा वर्षांपूर्वीचा संगणकही घरच्या कामाला पुरतो. फक्त एक अडचण आहे: विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 अनेक जुन्या प्रोसेसरांवर अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून घ्यायला हरकत नाही.

शेवटी दाराच्या कडीबद्दल. विंडोजमध्ये कंट्रोल, विंडोज आणि क्यू या कळांनी क्विक असिस्ट हा दूरच्या मदतीचा प्रोग्रॅम उघडतो. मदत करणाऱ्याने सांगितलेला कोड त्यात भरायचा, आणि माउस त्याच्या हाती द्यायचा की नाही हे वेगळं विचारलं जातं. पण हेच तंत्र चोरालाही उपयोगी पडतं. एनीडेस्क मोबाइलवर टाकायला लावून खात्यातले पैसे लुबाडले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच दिला होता. ओटीपी आला की तो पडद्यावर चोरालाही दिसतो, विचारावाही लागत नाही. त्यामुळे "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" असा फोन आपणहून करणाऱ्याला कधीच आत घेऊ नका. मदत तुम्ही मागितलेली असावी आणि समोरचा आवाज ओळखीचा असावा. काम झालं की प्रोग्रॅम बंद करा, तो चालू असताना बँकेचं पान उघडू नका. पैसे गेलेच, तर पुतण्याच्या आधी 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. तक्रार जितकी लवकर नोंदली जाईल, तितकी पैसे वाटेत गोठवले जाण्याची शक्यता जास्त.