शोधनिकालांतील समतोल

पुस्तकाच्या अखेरीस पुष्कळदा शब्दसूची दिलेली असते. कोणता शब्द कोणत्या पृष्ठांवर आला आहे, हे तिच्यावरून कळते. संगणकावरील शब्दशोधाचे तत्त्वही हेच आहे. मजकुरातील शब्दांची सूची संगणक आधीच तयार करून ठेवतो. एखादा शब्द शोधताच तो संबंधित पृष्ठे काढतो आणि अनुरूपतेनुसार गुण देऊन ती क्रमाने मांडतो.

येथेच एक अडचण उद्भवते. समजा, एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर सर्व पुस्तकांचे प्रत्येक पृष्ठ शोधता येते. एका वाचकाने ‘विहीर’ हा शब्द शोधला. जलसिंचनावरील ६०० पृष्ठांच्या ग्रंथात तो जागोजागी आहे. त्यामुळे पहिले दहाही निकाल त्या एकाच ग्रंथातील येतात. विहिरीचे पाणी शुद्ध कसे करावे, हे सांगणारी २० पृष्ठांची पुस्तिका मागे पडते. वाचकाला जिची खरी गरज होती, तीच त्याच्या दृष्टीस पडत नाही.

यावर उपाय म्हणजे गटवार मर्यादा. प्रत्येक पुस्तक हा एक गट मानून त्याचे जास्तीत जास्त दोनच निकाल दाखवायचे. मात्र कृतीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पहिले दहा निकाल घेऊन मग मर्यादा लावली, तर दोनच निकाल उरतात आणि पुस्तिका बाहेरच राहते. म्हणून प्रथम जुळलेल्या सर्व पृष्ठांना गुण द्यावेत. नंतर प्रत्येक पुस्तकातील पृष्ठांना गुणांनुसार १, २, ३ असे स्वतंत्र क्रमांक द्यावेत. दोनच्या पुढील पृष्ठे बाजूला ठेवून उरलेल्यांतून पहिले दहा निकाल निवडावेत.

गूगलनेही जून २०१९ मध्ये असाच बदल जाहीर केला. एका संकेतस्थळाचे दोनांहून अधिक निकाल सामान्यतः वरच्या यादीत येऊ नयेत, असे त्याचे स्वरूप होते. आवश्यक तेथे अपवादही ठेवला होता.

अपवादाची गरज उघड आहे. शोधलेला शब्द एकाच पुस्तकात असेल, तर मर्यादेमुळे उपयुक्त पृष्ठे झाकली जातील. यासाठी निकालाखाली ‘या पुस्तकातील आणखी पृष्ठे’ असा दुवा द्यावा लागतो. मोठ्या ग्रंथाचा मान राखून लहान पुस्तिकेलाही जागा देणे, हेच या योजनेचे मर्म होय.