पथारी एक, माणसं दोन

लिंबायतच्या एका वाचकाने विचारलं आहे : फोन नीट चालू असताना सारखं ‘सिक्युरिटी अपडेट’ कशाला घ्यायचं?

उत्तर सुरतेतल्याच एका खोलीत आहे. वेड रोडला लूम कामगारांच्या मेसमध्ये एकेक पथारी दोघांची असते. रातपाळीवाला सकाळी येऊन आडवा होतो, तोवर दिवसपाळीवाला उठून कामावर गेलेला असतो. बारा-बारा तासांची पाळी.

फोनची मेमरीही अशीच पाळीने वापरली जाते. एका कामाची जागा सुटली की कर्नल, म्हणजे फोनच्या सॉफ्टवेअरचा गाभा, ती दुसऱ्याला देतो. आता समजा, पहिला माणूस कायमचा गावी गेला, पण मुकादमाच्या वहीत त्याची पथारी तशीच लिहिलेली राहिली. अंधारात मुकादम येतो आणि झोपलेल्याचं तोंड न बघता उशाशी पगाराचं पाकीट ठेवून जातो. हल्लेखोराला फक्त त्या पथारीवर आपला माणूस झोपवायचा असतो. या चुकीला ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात.

अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये ॲपांचे निरोप पोचवणारा बाइंडर आहे. त्यातली एक मेमरी सुटली, तरी ‘ईपोल’ या दुसऱ्या भागाच्या यादीत तिचा पत्ता राहत होता. २०१७ मध्ये ही चूक पकडली सिझकॉलरने. हे साधन माझं फार लाडकं : कर्नलला रात्रंदिवस वेड्यावाकड्या आज्ञा देत राहायचं आणि तो कशाने कोसळतो ते टिपायचं, एवढंच त्याचं काम. कौतुक मात्र त्याच्या वाट्याला कमीच आलं.

अँड्रॉइडचा कर्नल ज्यावर उभा आहे त्या लिनक्समध्ये २०१८ च्या सुरुवातीपर्यंत दुरुस्तीही झाली. पण सुरक्षेतली चूक म्हणून तिला सीव्हीई क्रमांक मिळाला नाही आणि कित्येक फोनांपर्यंत ती दुरुस्ती गेलीच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलच्या मॅडी स्टोन यांनी ती चूक जाहीर केली, तेव्हा तिच्या आधारे हल्ले होत असल्याचे पुरावे हाती आले होते. धोक्यातल्या फोनांच्या यादीत महागड्या पिक्सेल २ शेजारी रेडमी ५ए होता; ‘देश का स्मार्टफोन’ म्हणून सुरुवातीला ४,९९९ रुपयांना विकला गेलेला.

आता बाइंडर रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिला गेला आहे. अशा चुका ती भाषा बहुतांशी लिहितानाच अडवते. गूगलच्या मते अँड्रॉइडमधल्या सुरक्षेच्या चुकांत मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. आनंदच आहे. पण रस्टचा गाजावाजा करणाऱ्या बातम्यांत जुने फोन कुठेच नसतात. रेडमी ५ए रस्टवाचूनही वाचला असता. दुरुस्ती तयारच होती.

घरात तसा जुना फोन असेल तर सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी पॅच लेव्हल’ची तारीख बघा. ती ६ ऑक्टोबर २०१९ च्या आधीची असेल, तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका.