शेवटच्या चार सेंटिमीटरचं शहाणपण

गुदाशयात काही येऊन ठेपलं की त्याच्या तोंडाशी असलेला आतला स्नायू क्षणभर सैल पडतो. तेवढ्यात गुदमार्गाचं अस्तर आलेल्या वस्तूला स्पर्श करून पाहतं: वायू आहे, पाणी आहे की मळ? त्या पारखीच्या जोरावर माणूस चारचौघांत निश्चिंत बसू शकतो. मार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा! बद्धकोष्ठतेबद्दल आपण इतक्या संकोचानं बोलतो की ज्या यंत्रणेत ती उद्भवते तिचं कौतुक करायचंच राहून जातं.

1899 साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याकडे येणाऱ्या बाहेरच्या नसा तोडून पाहिल्या. आतड्याचं काम थांबलं नाही. आत ठेवलेल्या गोळ्याच्या वरची बाजू आवळत होती, खालची सैल होत होती आणि गोळा पुढे सरकत होता. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं आहे. मेंदूला विचारल्यावाचूनही ते पुष्कळ काही निभावतं.

मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर पातळ ऐवज उतरतो. त्यातलं बहुतेक पाणी शरीर परत घेतं. प्रवास रेंगाळला की जास्त पाणी शोषलं जातं आणि मळाचे खडे होतात. त्याला पुढे लोटणाऱ्या मोठ्या लाटा दिवसात मोजक्याच वेळा येतात, बहुधा सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर. लोकल चुकेल म्हणून ती कळ दाबणारा नोकरदार, बाजारात स्वच्छ शौचालय नाही म्हणून दिवसभर कळ सोसणारी भाजीवाली, दोघांचीही ती वेळ टळते. बाईच्या बाबतीत हा दोष सोयीच्या अभावाचा आहे, तिच्या सवयींचा नव्हे, असं मी ठामपणे म्हणेन.

रोज झालंच पाहिजे, हा आग्रह मात्र सोडावा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढी मोकळीक निरोगी शरीराला असते. रोज जाऊनही कुंथावं लागत असेल, खडे होत असतील, पोट साफ झाल्यासारखं वाटत नसेल आणि हे महिनोन्‌महिने चालत असेल, तर ती जुनाट बद्धकोष्ठताच.

सगळ्यात चकित करणारा भाग शेवटच्या दाराशी आहे. एक स्नायू गुदाशयाला मागून गोफणीसारखा वेढा घालून पुढे ओढून धरतो, त्यामुळे मार्गाला बाक येतो आणि मळ अडून राहतो. उकिडवं बसलं की हा बाक बराच सरळ होतो. कमोडवर पायाखाली लहान पाट घेतल्यानं अनेकांना बरं वाटतं ते म्हणूनच. पण काहींच्या बाबतीत जोर लावताना हाच स्नायू सैल पडण्याऐवजी आणखी आवळतो. माणूस कुंथत राहतो आणि नकळत स्वतःच दार ओढून धरतो. अशांना नुसतं इसबगोल वाढवून भागत नाही. उलट पोट फुगतं. अनुभवी डॉक्टरला बोटाने तपासूनही याचा अंदाज येतो. उपायही विलक्षण आहे: गुदाशयात बारीक संवेदक ठेवून स्नायूचा ताण पडद्यावर दाखवतात आणि रुग्ण तो पाहत पाहत सैल सोडायला शिकतो. प्रौढ वयातही हे नव्यानं शिकता येतं, आणि यातल्या बहुतेकांना त्याचा फायदा होतो.

कारणं दूरचीही असतात. लोहाच्या गोळ्या, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मंदावलेलं थायरॉइड, मधुमेह. पार्किन्सनमध्ये तर हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षं आधी बद्धकोष्ठता दिसू शकते. म्हणून डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. इसबगोल घेत असाल तर भरपूर पाण्याबरोबरच घ्या.

आणि शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप घटत असेल, अंगात रक्त कमी झालं असेल किंवा पन्नाशीनंतर ही तक्रार नव्यानं सुरू झाली असेल, तर मूळव्याध असेल म्हणून घरच्या घरी चूर्ण घेत बसू नका. लाज बाजूला ठेवा आणि लगेच तपासून घ्या.