नॉर्थॅम्प्टनशायर काउंटीचा गल्ला रिकामा कसा झाला?

२ फेब्रुवारी २०१८ रोजी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर काउंटी कौन्सिलच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याने एक नोटीस काढली. तिचा मतलब सरळ होता. चालू वर्षाचा खर्च जमेत बसत नाही, तेव्हा कायद्याने करावीच लागणारी कामे सोडून कोणताही नवा खर्च करू नये. इंग्लंडमधील स्थानिक संस्थेवर अशी पाळी २००० सालानंतर प्रथमच आली होती. त्याच वर्षी २४ जुलैला दुसरी नोटीस निघाली आणि १ एप्रिल २०२१ रोजी ही कौन्सिलच मोडीत निघाली. १८८९ पासून चाललेली पेढी बंद झाली म्हणा ना!

ही परदेशातली हकिगत व्यापार-उद्योगाच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. ज्याच्या दुकानात गल्ला आहे आणि घरात कीर्द-खतावणी आहे, त्याला या कौन्सिलने काय केले ते लगेच उमजेल. शिवाय सरकारी संस्थेला माल पुरवणारा, तिच्या इमारतीचे रंगकाम किंवा सुतारकाम करणारा प्रत्येक छोटा धंदेवाला बिल मिळेपर्यंत तिचा धनको असतो. अशा संस्थेची तिजोरी कशी चालते हे त्याला ठाऊक असलेले बरे.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. नॉर्थॅम्प्टनशायरची वस्ती सात लाखांहून अधिक. हा मुलूख बुटांच्या कारागिरीसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. नॉर्थॅम्प्टन शहराच्या फुटबॉल संघालाही लोक कौतुकाने 'कॉब्लर्स' म्हणजे मोची म्हणतात. येथे वर एक काउंटी कौन्सिल आणि तिच्याखाली सात डिस्ट्रिक्ट व बरो कौन्सिली होत्या. कामाची वाटणी नवख्या माणसाला चक्रावून टाकील अशी. दारातला कचरा खालच्या कौन्सिलने उचलायचा, पण त्याची विल्हेवाट काउंटीने लावायची. बांधकामाची परवानगी खाली, रस्त्यांची दुरुस्ती वर. शाळा, वाचनालये, तोट्यातल्या बसमार्गांना मदत, व्यापाऱ्यांची वजनेमापे तपासणे आणि नकली माल पकडणे ही सारी काउंटीची कामे. सर्वांत मोठी जबाबदारी मात्र वेगळीच, म्हणजे वृद्ध व अपंग माणसांची देखभाल आणि ज्यांना घरी ठेवणे धोक्याचे आहे अशा मुलांचा सांभाळ.

खर्चाचा खरा डोंगर इथेच आहे. काउंटीच्या अंदाजपत्रकातला अर्ध्याहून अधिक पैसा या दोन कामांवर जातो. ही कामे कायद्याने बांधलेली आहेत. कायद्यात बसणारी म्हातारी माणसे यंदा जास्त आली तर 'तिजोरीत पैसे नाहीत, पुढच्या वर्षी या' असे सांगता येत नाही. म्हणून टंचाई आली की कात्री चालते ती उरलेल्या कामांवर. वाचनालय, बस, रस्त्याकडेचे गवत, तरुणांचे उपक्रम. शंभरातले साठ-सत्तर रुपये आधीच बांधलेले असतील तर दहा रुपयांची काटकसर उरलेल्या तीस-चाळिसांतूनच काढावी लागते. शहरातल्या माणसाला कर तेवढाच भरूनही सेवा आटल्यासारख्या का वाटतात, त्याचे उत्तर या हिशेबात आहे.

आता जमेची बाजू. पहिली जमा घरपट्टीची. तिला तेथे कौन्सिल टॅक्स म्हणतात आणि ती १९९३ पासून लागू आहे. ती गोळा करते खालची कौन्सिल, पण तिच्यातला मोठा वाटा काउंटीला जातो. गंमत अशी की इंग्लंडमध्ये घराची पट्टी अजूनही १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरते. घर काल बांधलेले असले तरी १९९१ साली ते केवढ्याला गेले असते याचा अंदाज करतात! दुकाने, गोदामे व कारखान्यांना हा कर नसून बिझनेस रेट्स नावाची वेगळी पट्टी असते. तिचा दर स्थानिक कौन्सिल वाढवू शकत नाही, तो केंद्र सरकार ठरवते. एकच जागा असलेल्या छोट्या दुकानदाराची करपात्र वार्षिक किंमत १२,००० पौंडांपर्यंत असेल तर २०१७ पासून त्याला ही पट्टी पूर्ण माफ आहे. मात्र ही माफी आपोआप मिळतेच असे नाही, अर्ज करावा लागतो. तिसरी जमा लंडनहून येणाऱ्या अनुदानाची, आणि २०१० नंतर सरकारने ती जोरात छाटली.

नॉर्थॅम्प्टनशायरचे दुखणे या छाटणीने वाढले हे खरे. पण शेजारच्या काउंट्यांचीही छाटणी झाली होती आणि त्या तगल्या. फरक कोठे पडला?

एक तर कौन्सिलने काही वर्षे कर वाढवलाच नाही. मतदार खूश राहतात आणि नेत्यांना मिरवता येते. पण कराचे गणित चक्रवाढीचे आहे. समजा, घरामागे १,००० पौंड कर आहे. दरवर्षी २ टक्के वाढवला तर पाच वर्षांनी तो १,१०४ होतो, न वाढवला तर हजारावरच राहतो. नंतर जाग आली तरी ही खोट एकदम भरून काढता येत नाही, कारण २०१२ पासून सरकारने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वाढ करायची तर स्थानिक सार्वमत घ्यावे लागते. भाव न वाढवता पाच वर्षे माल विकलेल्या दुकानदाराला एका सकाळी भाव दीडपट करता येत नाही, तसेच हे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. इंग्लंडच्या कायद्यात कौन्सिलच्या दोन थैल्या असतात, महसुली आणि भांडवली. पगार, औषधपाणी, डिझेल, वीजबिल हा महसुली खर्च. इमारत, पूल, यंत्रे हा भांडवली. भांडवली कामासाठी कर्ज काढता येते. महसुली खर्च मात्र त्या वर्षाच्या जमेतून किंवा गंगाजळीतून भागवायचा, त्यासाठी कर्ज काढायला मनाई. तसेच जमीन-इमारत विकून आलेला पैसा पगारावर उडवायलाही मनाई. २०१६ पासून सरकारने एक सवलत दिली. विक्रीचा पैसा पुढे कायमची बचत होईल अशा सुधारणांवर खर्च करता येईल. नॉर्थॅम्प्टनशायरने ही खिडकी दरवाजासारखी वापरली. रोजच्या कारभाराचा खर्च 'सुधारणा' या नावाने भांडवली थैलीतून निघू लागला आणि गंगाजळीही आटत गेली. जोडीला, सगळी कामे वेगवेगळ्या कंपन्यांकडे सोपवून पैसा वाचवण्याची मोठी योजना आखली गेली. ती नेमका किती पैसा कसा वाचवणार याचा पक्का हिशेब कागदावर नव्हता.

याच काळात ५ कोटी ३० लाख पौंड खर्चून 'वन एंजल स्क्वेअर' हे नवे मुख्यालय उभे राहिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले ते तेव्हाचे स्थानिक कारभार मंत्री साजिद जाविद यांच्या हस्ते. यांचे वडील पाकिस्तानातून जाऊन आधी बस चालवणारे आणि मग ब्रिस्टलमध्ये कपड्यांचे दुकान थाटणारे. त्याच जाविद यांनी तीन महिन्यांत, जानेवारी २०१८ मध्ये, या कौन्सिलची तपासणी करायला मॅक्स कॅलर यांना पाठवले. नवे मुख्यालय २०१८ मध्येच विकून भाड्याने परत घ्यावे लागले. मालकाचे भाडेकरू व्हायला वर्षही लागले नाही.

कॅलर हे अनुभवी गृहस्थ. २००० साली अशाच संकटात सापडलेल्या लंडनच्या हॅक्नी कौन्सिलचा कारभार त्यांनी सांभाळला होता. मार्च २०१८ च्या अहवालात त्यांनी अनुदान कमी पडल्याची सबब मान्य केली नाही. अंदाजपत्रकात राहण्याची सवयच या संस्थेत उरलेली नाही, आणि आता जादा पैसा देणे म्हणजे बेजबाबदारपणाला बक्षीस देणे होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. कौन्सिल मोडून नव्या दोन संस्था कराव्यात ही शिफारसही त्यांचीच. त्यांचा अहवाल मला पटतो, पण एक गोष्ट राहून जाते. चूक केली सभागृहाने आणि बस बंद झाली ती खेड्यातल्या म्हातारीची. ३६ पैकी २१ वाचनालये बंद करण्याचा ठराव झाला तेव्हा प्रकरण हायकोर्टात गेले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कोर्टाने तो निर्णय बेकायदा ठरवला. ठराव पुन्हा विचारासाठी आला, तेवढी मुदत तरी लोकांना मिळाली.

नोटीस निघाली की कौन्सिलकडे येणे असलेल्यांचे काय होते? वर्तमानपत्रांनी 'दिवाळे' हा शब्द वापरला, पण इंग्लंडमधील कौन्सिलचे कंपनीसारखे दिवाळे निघत नाही. लिलाव करणारा कोणी येत नाही. झालेले करार पाळले जातात, पगार होतात, पुरवलेल्या मालाचे बिल बुडत नाही. थांबते ते पुढचे काम. नवी खरेदी वित्त अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय होत नाही, मुदत संपलेला ठेका पुढे चालू राहील याची खात्री राहत नाही. ज्याचा सगळा धंदा एकाच सरकारी गिऱ्हाइकावर आहे, तो बिल वसूल होऊनही बसतो. एरवी नियम असा की, बिनचूक बिल हाती आल्यापासून ३० दिवसांत सरकारी संस्थेने पैसे द्यावेत आणि मोठ्या ठेकेदारानेही खालच्या कारागिराला त्याच मुदतीत द्यावेत. फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या नव्या खरेदी कायद्यातही ही अट आहे.

हे संकट अचानक कोसळले का? मुळीच नाही. लेखापरीक्षकांनी आधीच्या वर्षांच्या हिशेबांवर प्रतिकूल शेरे मारले होते. ते कागद जाहीर होते. इंग्लंडमध्ये ५०० पौंडांवरील प्रत्येक खर्च कौन्सिलला जाहीर करावा लागतो. दरवर्षी ३० कामकाजाचे दिवस संबंधित माणसाला वर्षाचे हिशेब, बिले आणि करार प्रत्यक्ष पाहता येतात, मतदाराला लेखापरीक्षकाकडे हरकतही घेता येते. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या दुकानदारांनी हा हक्क वापरायला हरकत नाही. बघायचे ते एवढेच की गंगाजळी दरवर्षी किती घटते आणि जमीन-इमारत विकलेला पैसा कोणत्या खात्यात गेला.

शेवटी सरकारने आपले दोन कमिशनर बसवले. मुख्यालय वगैरे विकून आलेल्या रकमेतील सुमारे ६ कोटी पौंड तूट भरायला वापरण्याची खास परवानगी नोव्हेंबर २०१८ मध्ये दिली, आणि २०१९-२० साठी कर जवळजवळ ५ टक्के वाढवू दिला. जे आधी आडमार्गाने चालले होते तेच अखेर परवानगी काढून करावे लागले. १ एप्रिल २०२१ पासून काउंटी आणि तिच्याखालच्या साती कौन्सिली जाऊन नॉर्थ व वेस्ट नॉर्थॅम्प्टनशायर या दोन संस्था आल्या. जुनी देणीघेणी, इमारती आणि चालू करार त्यांच्याकडे वर्ग झाले.

२०२३ च्या फेरबदलानंतर इंग्लंडमध्ये २१ काउंटी कौन्सिली उरल्या. दुहेरी कारभार सगळीकडूनच हटवण्याचा बेत सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. तेव्हा त्या भागांत पुरवठ्याचे काम करणाऱ्यांना येत्या काळात बिल कोणाच्या नावे फाडायचे, हे नव्याने पाहून घ्यावे लागेल.