‘दुप्पट’ म्हणजे किती?

बातमीत खोटे काही नसले की ती निःपक्षपाती आहे, असे आपण धरून चालतो. पण एकही आकडा न चुकवता वाचकाचे मत एका बाजूला झुकवता येते. ते कसे, हे ब्रिटनमधील एका घटनेवरून पाहू.

ऑक्टोबर १९९५ मध्ये तेथील औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना एक इशारा दिला. नव्या, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांच्या मानाने सुमारे दुप्पट होतो, असे त्यात म्हटले होते. वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने ही बातमी घरोघर पोचवली. अनेक स्त्रियांनी घाबरून गोळ्या एकाएकी बंद केल्या.

आता ‘दुप्पट’ या शब्दामागचे आकडे पाहू. आधीच्या गोळ्या घेणाऱ्या दर ७००० स्त्रियांमागे साधारण एकीला हा त्रास होत असे. नव्या गोळ्यांमुळे तो दोघींना होई. एकाचे दोन झाले, म्हणजे दुप्पट हे खरेच. पण प्रत्यक्ष वाढ झाली ती ७००० मागे एकीची! पहिल्या आकड्याला सापेक्ष वाढ म्हणतात, दुसऱ्याला निरपेक्ष वाढ. बातम्यांत ठळकपणे आली ती पहिलीच.

परिणाम काय झाला? पुढच्या वर्षभरात इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. शिवाय गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांमुळे होणाऱ्या धोक्यापेक्षा जास्तच असतो. म्हणजे लहान धोका टाळायला गेलेल्या काही स्त्रियांच्या वाट्याला मोठा धोका आला.

मग ‘धोका अगदी नगण्य’ एवढेच छापावे का? तेही योग्य नाही. गुठळी क्वचित प्राणावरही बेतते. वाचकाचे मन वळवण्यात गैर काही नाही, मात्र दोन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवून निर्णय त्याच्यावर सोडला पाहिजे. औषधाचा फायदा ‘५० टक्के’ असा सांगायचा आणि दुष्परिणाम मात्र ‘दहा हजारांत एक’ असा, हीसुद्धा एक बाजू घेणेच झाले. दोन्हींना माप एकच हवे.

बातमी वाचताना म्हणूनच तीन प्रश्न विचारावेत. कितीपैकी किती? कशाच्या तुलनेत? यातून काय वगळले आहे?

वर्गात हा प्रयोग करून पाहता येईल. समजा, ५००० वस्तीच्या गावात डेंग्यूचे रुग्ण दोनाचे तीन झाले. फळ्यावर तीन मथळे लिहा : ‘डेंग्यूत ५० टक्क्यांनी वाढ’, ‘केवळ एक रुग्ण वाढला’, ‘५००० वस्तीत रुग्ण दोनाचे तीन’. तिन्ही खरे आहेत. कोणता वाचून भीती वाटते, कोणता वाचून आपण निर्धास्त होतो आणि कोणता आपल्याला विचार करू देतो, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या. नंतर त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील एखादी टक्केवारी शोधून तिच्यावर तेच तीन प्रश्न घालायला सांगा.