शहराचा वारसा आणि शहराचा खर्च

मुलांनो, ‘वारसा’ हा शब्द तुम्हांला नवा वाटणार नाही. उर्दूत तुम्ही ‘वारिस’ आणि ‘विरासत’ हे शब्द नेहमी वापरता. मराठीतील ‘वारस’ व ‘वारसा’ हे त्याच घरातले शब्द आहेत. वाडवडिलांनी मागे ठेवलेले घर, जमीन किंवा दागिने म्हणजे कुटुंबाचा वारसा. शहरालाही असाच वारसा असतो. जुन्या वेशी, बारवा, मशिदी, मंदिरे, वाडे, ग्रंथालये, नाट्यगृहे, तसेच तेथील गाणे, नाटक आणि हस्तकला हा सगळा शहराचा वारसा होय. घराच्या वारशाला दोन-चार वारस असतात. शहराच्या वारशाला मात्र तेथे राहणारा प्रत्येक माणूस वारस असतो.

हा वारसा सांभाळायला पैसा लागतो. तो कोठून येतो? महानगरपालिका नागरिकांकडून कर घेते. त्या पैशातून पाणी, गटारे, रस्ते, दिवे, दवाखाने आणि शाळा चालतात. दरवर्षी जमाखर्चाचा अंदाज तयार होतो. त्यालाच अर्थसंकल्प म्हणतात. कला आणि संस्कृती यांसाठीही त्यात तरतूद करता येते. 1992 साली झालेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभाराची 18 कामे नोंदवली. संस्कृती, शिक्षण आणि सौंदर्यदृष्टी यांना उत्तेजन देणे हे त्यांपैकी एक आहे.

मुंबईचे एक उदाहरण पाहू. भायखळ्याच्या राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय. ही इमारत 1872 साली लोकांसाठी खुली झाली. ती उभारण्यासाठी जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड यांसारख्या नागरिकांनी पुढाकार घेतला. लोकांनी वर्गण्या दिल्या. पूर्वी संग्रहालयाचे नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट असे होते. 1975 साली त्याला डॉ. भाऊ दाजींचे नाव देण्यात आले.

येथे राजांच्या तलवारींपेक्षा साध्या माणसांचे जग जास्त दिसते. निरनिराळे धंदे करणाऱ्या लोकांच्या मातीच्या लहान मूर्ती, तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या, भांडी, जुन्या मुंबईचे नकाशे येथे आहेत. तुम्ही ज्याच्या दानशूरपणाच्या गोष्टी वाचता, त्या हातिमताईचे सतराव्या शतकातील हस्तलिखितही येथे जपलेले आहे. बाहेरच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे.

पुढे या इमारतीची फार दुरवस्था झाली. तेव्हा 2003 साली तिघांनी मिळून करार केला. संग्रहालय महानगरपालिकेचे होते. जमनालाल बजाज प्रतिष्ठानने पैशाची मदत केली. ‘इन्टॅक’ या वारसा जपणाऱ्या संस्थेने तज्ज्ञ दिले. ओतीव लोखंडाचे खांब, नक्षीचे छत, जुनी लाकडी कपाटे यांची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली. 2005 साली या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. 2008 साली संग्रहालय पुन्हा उघडले. पालिका, देणगीदार आणि जाणकार एकत्र आले, तर काय होऊ शकते ते यावरून दिसते.

येथे कोणी विचारील, “वस्तीत नळाला पाणी नाही, दवाखान्यात खाटा कमी आहेत. मग संग्रहालयावर पैसा का घालवायचा?” हा प्रश्न चुकीचा नाही. पाणी आणि औषध यांना पहिला मान द्यायलाच हवा. पण एक फरक ध्यानात घ्या. फुटलेला नळ नवा आणता येतो. दीडशे वर्षांपूर्वीची इमारत बाजारात मिळत नाही. ती एकदा गेली की गेली.

शिवाय वेळेवर केलेला खर्च थोडा असतो. छपराचे कौल फुटले आणि लगेच बदलले, तर काम थोडक्यात भागते. तसेच सोडले तर पाणी मुरते, वासे कुजतात आणि अखेर सगळे छप्पर उतरवावे लागते. या खर्चातून लोकांना कामही मिळते. गवंडी, सुतार, रंगारी, दिवे लावणारे, पडदा ओढणारे, बाहेर चहा विकणारे, अशा कितीतरी जणांची चूल त्यावर पेटते.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी बांधले. शंभर वर्षांहून अधिक काळ तेथे नाटक आणि संगीत रंगले. 2024 च्या ऑगस्ट महिन्यात एका रात्री आग लागली व हे नाट्यगृह जळाले. जळणारी वास्तू पाहून कलावंतांचे व रसिकांचे डोळे भरून आले. पुढे ते पुन्हा उभारण्याचे ठरले. पण शाहू महाराजांच्या काळातील जे लाकूड जळाले, ते परत येणार नाही. म्हणून वारसा वाचवणे म्हणजे केवळ भिंती रंगवणे नव्हे. विजेच्या तारा तपासणे, पाण्याची सोय ठेवणे, रखवालदार नेमणे हेही त्यातच येते.

आणखी एक गोष्ट. नाट्यगृह बांधले, पण नाटक करणारे उरले नाहीत, तर त्या इमारतीचा काय उपयोग? स्थानिक कलावंतांना परवडेल अशा भाड्यात रंगमंच मिळाला पाहिजे. जुन्या कारागिरांकडून मुलांना कला शिकायला मिळाली पाहिजे. मुशायरा असो, कीर्तन असो की शाहिरी, ऐकणारे असतील तरच कला जगते.

आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. तुम्ही अजून कर भरत नाही. तरी जुन्या भिंतीवर नाव न कोरणे, आवारात कचरा न टाकणे आणि कोठे पडझड दिसली तर मोठ्यांना सांगून पालिकेला अर्ज करणे, एवढे तर तुम्ही करू शकता. उद्या या शहराचे वारस तुम्हीच आहात.

स्वाध्याय
1. शहराच्या वारशात कोणकोणत्या गोष्टी येतात?
2. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दुरुस्तीत कोणी कोणती मदत केली?
3. ‘वेळेवर केलेला खर्च थोडा असतो’ हे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
4. तुमच्या वस्तीतील एखाद्या जुन्या वास्तूची माहिती मिळवा व दहा ओळींत लिहा.